झाडण्यापूर्वी निवडा

इंदूरहून एका वाचकभगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. शिकवणी वर्गांसाठी त्या शहरात येणाऱ्या विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे पुरविणे हा त्यांचा व्यवसाय. कोणाकडून किती येणे आहे, वाण्याचे किती देणे आहे, हा सारा हिशेब त्या संगणकावरील एका लहानशा प्रोग्रॅममध्ये ठेवतात. तो प्रोग्रॅम त्यांच्या भाच्याने पेन ड्राइव्हवरून आणून डेस्कटॉपवरच ठेवून दिला. तेव्हापासून तो उघडला की पडद्यावर अनोळखी फायली येऊन पडतात. एके दिवशी भाच्याने त्या सर्व पुसून टाकल्या आणि दुसऱ्या सकाळी महिन्याचा हिशेब कोरा निघाला! रिसायकल बिन रिकामी केलेली नव्हती, म्हणून फायली परत मिळाल्या. "हा केर कायमचा कसा काढावा?" असे भगिनी विचारतात.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की तो सगळाच केर नाही. त्यांतील एखादी फाईल म्हणजे घरची खातेवही असते. आज पुष्कळ घरांत दूधदुभत्याचा, दुकानाचा किंवा बचतगटाचा हिशेब संगणकावर असतो. तेव्हा हा प्रश्न एकट्या इंदूरच्या भगिनीचा नव्हे.

असे का होते ते पाहू. नव्या गड्याला आपण "टोपली ठेव" एवढेच सांगितले आणि जागा दाखविली नाही, तर तो उभा असेल तेथेच ती ठेवील. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. "हिशेब या नावाच्या फाईलीत लिही" एवढेच त्याला सांगितलेले असते; कोणत्या फोल्डरात, तो पूर्ण पत्ता दिलेला नसतो. मग ज्या फोल्डरातून त्यास सुरू केले तेथेच तो लिहितो. डेस्कटॉप हाही एक फोल्डरच आहे. प्रोग्रॅम तेथे ठेवला आणि तेथूनच उघडला, की फायली तेथेच पडणार.

या बाबतीत आमच्या भगिनीच्या शहराचे उदाहरण घेण्याजोगे आहे. स्वच्छ सर्वेक्षणात 2016 साली इंदूर पंचविसावे होते. 2017 साली ते पहिले आले आणि 2023 पर्यंत सलग सात वेळा त्याने तो मान राखला. हे केवळ झाडू अधिक फिरविल्याने झाले नाही. रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढल्या, घरोघर गाडी धाडली, आणि ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याची शिस्त लाविली. 19 फेब्रुवारी 2022 रोजी तेथे दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करण्याच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. एकत्र मिसळले असते तर जे सडले असते, ते निवडल्यामुळे उपयोगी पडले. आधी निवड आणि मग मुळाशी उपाय, हीच रीत डेस्कटॉपलाही लागू आहे.

निवड अशी करावी. फाईलीच्या नावाच्या शेवटी 'डॅट' किंवा 'डीबी' असेल, तर तीत बहुधा हिशेबच असतो. तिला हात लावू नये. 'लॉग' ही प्रोग्रॅमची रोजनिशी होय. 'टीएमपी' हे कामापुरते कच्चे टिपण असते. तरी केवळ नावावर भिस्त ठेवू नये. प्रोग्रॅम उघडून एक नोंद करावी, तो बंद करावा, आणि कोणत्या फाईलीची वेळ बदलली ते पाहावे. जी बदलली ती त्या प्रोग्रॅमची.

आता उपाय. प्रोग्रॅम बंद करून त्याच्या सर्व फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. ही पायरी कोणीही चुकवू नये. प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये फायलींची जागा ठरविण्याची सोय असेल, तर तेथे नव्या फोल्डराचा पत्ता द्यावा. नसेल तर डॉक्युमेंट्समध्ये 'हिशेब' नावाचा फोल्डर करून प्रोग्रॅम व त्याच्या सर्व फायली तेथे एकत्र उतरवून घ्याव्यात. मग डेस्कटॉपवर प्रोग्रॅमचा केवळ शॉर्टकट ठेवावा. विंडोजमध्ये त्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यास 'स्टार्ट इन' अशी चौकट दिसते. तीत नव्या फोल्डराचा पत्ता आहे ना, ते पाहावे, नसल्यास लिहावा. ही एवढीशी चौकट म्हणजे गड्याला दाखविलेली जागा.

त्यानंतर शॉर्टकटवरून प्रोग्रॅम उघडून जुना हिशेब दिसतो का ते पाहावे. एक नोंद करावी, बंद करावे, आणि ती नव्या फोल्डरात गेल्याची खात्री करावी. दोन दिवस सर्व ठीक चालले, की मगच डेस्कटॉपवरील जुन्या फायली काढाव्यात.

कोणी सांगतात की त्या फायली अदृश्य करून टाका, म्हणजे झाले. हा सतरंजीखाली केर सारण्याचा प्रकार आहे. फाईल दिसेनाशी झाली तरी असते तेथेच. आणि जिचा विसर पडला तिची प्रत कोणी घेत नाही. पुढे संगणक बिघडला म्हणजे ती कायमची जाते.

ज्यांची मुले प्रोग्रॅम लिहावयास शिकत आहेत, त्यांनी हे त्यांच्या कानी घालावे. फाईल कोठे ठेवावयाची तो पूर्ण पत्ता प्रोग्रॅमातच लिहावा. विंडोजने प्रत्येक वापरणाऱ्यासाठी 'ॲपडेटा' हा फोल्डर त्याकरिताच राखला आहे. कच्च्या टिपणासाठी टेम्प फोल्डर आहे. तेथील आपले टिपण काम संपताच आपणच पुसावे, आणि काम मध्येच फिसकटले तरी ते पुसले जाईल अशी तजवीज ठेवावी. पाहुण्याने जेवून उठताना आपले ताट उचलून ठेवावे, ही आपल्या घरची शिकवण. दुसऱ्याच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम हाही पाहुणाच होय.

वाचकांना आमचे सांगणे इतकेच की अनोळखी दिसते म्हणून काही फेकू नये. ते कोणाचे व कशाचे हे आधी विचारावे. घरातील वडीलधारी मंडळी जुन्या पेटीतले कागद टाकण्यापूर्वी एकेक उलगडून पाहतात; त्यांतच कधी सातबाऱ्याचा उतारा सापडतो.