कंपनी गेली, बियाणं राहिलं

मी सॉफ्टवेअरवाला, आमचा धंदा लायसन्सवर चालतो. म्हणून यवतमाळच्या कापसाची गोष्ट मला परकी वाटत नाही. अमेरिकेच्या मॉन्सँटोने जालन्याच्या महिकोसोबत २००२ मध्ये बीटी कापूस आणला, २००६ मध्ये बोलगार्ड-२. प्रत्येक पाकिटामागे तंत्रज्ञानाची फी. २०१६ मध्ये केंद्राने पाकिटाची किंमत ८०० रुपयांवर बांधली, त्यात फी फक्त ४९. त्याच वर्षी कंपनीने तणनाशक सोसणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्ज मागे घेतला. २०१८ मध्ये ती जर्मनीच्या बायरने विकत घेतली.

तरी ते वाण आपल्या शेतांत आलंच, ‘चोर बीटी’ म्हणून. निंदणाची मजुरी परवडत नाही, शेतकऱ्याला दोष कसा देणार? पण या पाकिटाला बिल नाही. उगवलं नाही तर तक्रार कुठे करायची? बोलगार्ड-२ला गुलाबी बोंडअळी जुमानत नाही हे २०१७ मध्ये यवतमाळने पाहिलं, फवारणीच्या विषबाधेत माणसंही गमावली.

फी कमी केली ते योग्यच. पण विदेशी कंपनी हात झटकते तेव्हा सरकारी वाण तयार हवं. ही मागणी आपल्यातल्या शेतकी शिकणाऱ्या पोरांनी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे लेखी नेली पाहिजे, या पेरणीच्या आत.