आकाश मोठे आहे, थर्मल लहान असतो

पॅराग्लायडिंगचा विषय निघाला की आमच्या नात्यागोत्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. "एवढे मोठे आकाश पडले आहे, तिथे दोघांची टक्कर होतेच कशी?" ऑक्टोबर २०२४ मध्ये हिमाचलातल्या बीर-बिलिंगला दोन पॅराग्लायडर हवेत एकमेकांवर आदळले आणि एका बेल्जियन वैमानिकाचा मृत्यू झाला, तेव्हाही हे वाक्य मी चार जणांकडून ऐकले. त्याच्या पाठोपाठ दुसरे, "वेळ आली होती, दुसरे काय!"

मला या दोन्ही वाक्यांचा राग येतो. माझी भाची कामशेतला उडते आणि दर वर्षी बीरला जाते, म्हणून तर येतोच. पण त्याहून जास्त राग येतो तो या वाक्यांमुळे विचार तिथेच थांबतो म्हणून. मी स्वतः कधी उडाले नाही. मात्र अनेक वर्षे भूगोल शिकवला आहे, तापलेली हवा वर जाते ती आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली आहे, आणि भाचीने आणून दिलेल्या पुस्तकांची पारायणे केली आहेत. (शिक्षकाच्या हाती पुस्तक दिले की तो खुणा केल्याशिवाय परत देत नाही, हे तिला आता समजले आहे!)

आधी आकाशाच्या मोठेपणाबद्दल. ग्लायडरला इंजिन नसते. उन्हाने नांगरलेले शेत, कातळ, डोंगराची उन्हाकडची बाजू तापते, तिथली हवा तापून वर निघते आणि तिचा एक स्तंभ तयार होतो. हाच थर्मल. वर जायचे तर त्या स्तंभात घिरट्या घालत राहायचे, घारी घालतात तशा. स्तंभाबाहेर पडलात की खाली येऊ लागता. साहजिकच एक जण भराभर वर चढताना दिसला की आसपासचे सगळे तिकडेच वळतात. तेव्हा "आकाश मोठे, मग टक्कर कशी?" हे म्हणजे "गाव मोठे, मग पाणवठ्यावर गर्दी कशी?" असे विचारण्यासारखे आहे.

आता थोडे गणित. पुण्यातल्या जुन्या मंडळींना हडपसरच्या मैदानावरून विंचच्या दोराने वर खेचले जाणारे ग्लायडर आठवत असतील. तशा ताठ पंखांचा ग्लायडर ताशी १०० किलोमीटर वेगाने ४५ अंश कलून वळला तर त्याच्या वर्तुळाचा व्यास साधारण १६० मीटर होतो आणि एक फेरी १८ सेकंदांत पुरी होते. दोघे एकाच दिशेने, वर्तुळाच्या समोरासमोरच्या टोकांना राहून फिरले तर त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. पण एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे वळत असेल तर समोरासमोर येताना दोघांचे वेग एकत्र होतात, म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. १६० मीटर संपायला तीन सेकंद पुरतात. पॅराग्लायडरचा वेग कमी, पण त्याचे वर्तुळही चाळीस मीटरच्या आतबाहेर असते. तिथे तर दोनच सेकंद मिळतात. यात नशीब कुठे आले? हा सहावी-सातवीतला वेळ-अंतर-वेगाचा हिशेब आहे.

म्हणूनच जगभर शिकवतात की थर्मलमध्ये जो आधी पोचला त्याने धरलेली दिशा नंतर येणाऱ्या सर्वांनी पाळायची. येणाऱ्याने बाहेरून, मोठे वळण घेत यायचे. आत फिरणाऱ्या कोणालाही आपल्यामुळे वळण बदलावे लागू नये. पॅराग्लायडिंगच्या काही स्पर्धांत तर तारीख सम की विषम यावरून दिशा आधीच ठरवून देतात. आपल्याकडे वारीतले रिंगण ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथे कोणी उलटा धावत सुटत नाही.

इथवर सगळे मान डोलावतात. माझे भांडण पुढच्या मुद्द्यावर आहे. भाचीच्या मित्रमंडळींत वाद होतो तेव्हा प्रश्न असा विचारला जातो, "हक्क कोणाचा होता?" वरच्याचा की खालच्याचा, आधी आलेल्याचा की जास्त वेगाने चढणाऱ्याचा? माझ्या मते हा प्रश्न जमिनीवर उतरल्यावर, चहा पिताना विचारायचा आहे. हवेत प्रश्न एकच, "कोणाला कोण दिसते आहे?"

पॅराग्लायडरचा वैमानिक कापडी पंखाखाली लटकलेला असतो. त्याला आजूबाजूचे आणि खालचे बरेच दिसते, पण डोक्यावर त्याचाच पंख असतो. खालून चढत येणाऱ्याला वरचा दिसत नाही, म्हणून तिथे वरच्याने सांभाळायचे. ताठ पंखांच्या ग्लायडरमध्ये नेमके उलटे. तिथे वैमानिक पारदर्शक झाकणाखाली बसतो, त्याला वरचे आणि पुढचे दिसते, पण पोटाखालचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. तिथे खालून भराभर चढणाऱ्याने वरच्याला जपायचे. म्हणजे "वरचा" आणि "खालचा" असा नियम घोकून भागत नाही. आल्प्समध्ये तर हे दोन्ही प्रकार एकाच थर्मलमध्ये येतात. दोन्हीकडे तत्त्व मात्र तेच. ज्याला दिसते त्याची जबाबदारी. ज्याला दिसत नाही त्याला हक्क सांगून काय उपयोग? त्याला तुम्ही तिथे आहात हेच मुळी ठाऊक नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो उपकरणांचा. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये फ्लार्म नावाचे यंत्र निघाले. जवळ येणाऱ्या ग्लायडरची ते सूचना देते. चांगलेच आहे, जरूर लावावे. पण समोरच्याकडे ते नसेल तर ते त्याच्याबद्दल गप्प बसते. आणि गर्दीच्या थर्मलमध्ये सगळेच जवळ असतात, त्यामुळे ते सारखे वाजते. सारखी वाजणारी घंटा वर्गात कोणी ऐकत नाही, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार! शिवाय डोळे पडद्यावर गेले की बाहेर कोण बघणार? हातात काठीला लावलेला कॅमेरा धरून प्रवाशाला हसायला सांगणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो उडणाऱ्यांचाच आहे. "मावशी, दर वेळी थर्मल सोडायचा तर लांबचे उड्डाण होणार कसे? उंची गेली की कुठल्या तरी शेतात उतरावे लागते. आणि घाबरून एकदम बाहेर पळणारा तर सगळ्यांना जास्त धोकादायक." यातले दुसरे वाक्य अगदी खरे आहे. सोडायचे तेही शिस्तीत, बाहेरच्या बाजूला, आधी नजर टाकून आणि हळूहळू. पण पहिल्या वाक्याला माझे उत्तर साधे आहे. शेतात उतरलात तर एक दिवस गेला. फार तर दोन तास चालाल, कोणी ताक देईल, जीपवाला जास्त पैसे घेईल. टक्कर झाली तर दोऱ्या एकमेकांत गुंततात, आणि राखीव पॅराशूट उघडायला जागा आणि उंची मिळेलच याची खात्री नसते. या दोन गोष्टी एका तराजूत घालणारा माणूस हिशेबात कच्चा आहे, असेच मी म्हणेन.

खरी अडचण वेगळीच आहे. थर्मल सोडून देणारा आपल्याला भित्रा वाटतो आणि गर्दीत घुसून सगळ्यांच्या वर निघणारा शूर वाटतो. रस्त्यावर हॉर्न वाजवून घुसण्याची सवय आपण वर घेऊन गेलो आहोत, फरक इतकाच की वर ब्रेक नाहीत. ही सवय सरकारी नियमाने जाणार नाही. ती मोडण्याचे काम शिकवणाऱ्यांनी आणि सोबत्यांनी करायचे आहे. उलट्या दिशेने घुसलेल्याला त्याच संध्याकाळी, मैत्री राखून पण स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. "जाऊ दे, काही झाले नाही ना" म्हणून सोडून देणारे पुढच्या टक्करीला मदत करत असतात.

आणि घरच्यांनो, आपलेही एक काम आहे. पोरे उडून आली की आपण कौतुकाने पहिला प्रश्न विचारतो, "किती उंच गेलास?" मग तीही उंचीच्याच मागे लागतात. मी भाचीला आता वेगळे विचारते, "आज कुठला थर्मल सोडून दिलास, आणि का?" ती सुरुवातीला हसायची. आता मात्र बसून नीट सांगते, कागदावर वर्तुळे काढून. तुमच्या घरात कोणी उडत असेल तर हा प्रश्न विचारून बघा. काय उत्तर मिळाले ते मलाही कळवा.