तरुण वैज्ञानिक, लोकप्रतिनिधी आणि भाषेचा प्रश्न

भारतीय राज्यघटनेच्या ८०व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना राज्यसभेवर बारा सदस्य नियुक्त करण्याचा अधिकार दिला आहे. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ह्या क्षेत्रांतील विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तींतून ही निवड व्हावी, अशी तेथे अपेक्षा आहे. साहित्य आणि विज्ञान ही दोन नावे घटनेच्या एकाच वाक्यात शेजारी शेजारी आली आहेत, ही गोष्ट आम्हां साहित्याच्या अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. १९५२ साली पहिली राज्यसभा अस्तित्वात आली तेव्हा नियुक्त सदस्यांत पदार्थवैज्ञानिक सत्येंद्रनाथ बोस होते, हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त होते, आणि साताऱ्यात जन्मून गुजराती गद्याचे मानकरी ठरलेले काकासाहेब कालेलकरही होते. त्याच वर्षी मेघनाद साहा कलकत्त्यातून निवडणूक लढवून लोकसभेत गेले. नद्यांचे पूर, वीजनिर्मिती, अणुशक्ती, पंचांगसुधारणा ह्या विषयांवर साहांचा अधिकार होता, आणि तो त्यांनी सभागृहात वापरला.

ही परंपरा अभिमानास्पद आहे ह्यात शंका नाही. परंतु ती ज्येष्ठांची परंपरा आहे. १९५२ साली बोस आणि साहा ह्या दोघांचेही वय अठ्ठावन्न होते. पुढच्या काळात राज्यसभेत गेलेले राजा रामण्णा, कस्तुरीरंगन, स्वामिनाथन हे सर्वजण आपापल्या क्षेत्रात शिखरावर पोचल्यानंतरच तेथे गेले. ज्याने नुकताच प्रबंध सादर केला आहे, जो अद्याप एखाद्या प्रयोगशाळेत शिष्यवृत्तीवर काम करतो आहे, अशा तिशीतल्या संशोधकाची आणि लोकांनी निवडून दिलेल्या आमदाराची किंवा खासदाराची गाठ पडावी, असे एकही ठिकाण आपल्या व्यवस्थेत सहजासहजी सापडत नाही. दोघेही लोकांच्या पैशावर काम करतात. तरी एकाचे काम दुसऱ्याला ठाऊक नसते.

अन्य देशांनी ह्या बाबतीत काही प्रयोग केले आहेत. अमेरिकेत १९७३ पासून तरुण वैज्ञानिकांना वर्षभर काँग्रेसच्या सदस्यांच्या किंवा समित्यांच्या कचेरीत काम करण्यासाठी पाठविण्याची प्रथा आहे. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने २००१ साली जोडीची योजना सुरू केली. तीत वैज्ञानिक काही दिवस संसदेत घालवतो आणि संसद-सदस्य त्याच्या प्रयोगशाळेला भेट देतो. आपल्याकडेही १९६१ साली लालबहादुर शास्त्री ह्यांच्या पुढाकाराने संसद-सदस्य आणि वैज्ञानिक ह्यांची एक समिती स्थापन झाली होती. २०१० नंतर तरुण पदवीधरांनी वर्षभर एखाद्या खासदाराचे साहाय्यक म्हणून काम करावे, अशी एक योजना दिल्लीत सुरू झाली. पण ती कोणत्याही विद्याशाखेच्या पदवीधरांसाठी आहे, खास वैज्ञानिकांसाठी नाही. ह्या प्रयत्नांचे मोल मी कमी लेखत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील तरुण वैज्ञानिक आणि त्याचा लोकप्रतिनिधी ह्यांची भाषा बहुतांशी एकच असते. आपल्याकडे तसे नाही. आपला वैज्ञानिक इंग्रजीत विचार मांडतो, आणि आपला लोकप्रतिनिधी मराठीत, कन्नडमध्ये किंवा मलयाळममध्ये मते मागतो. म्हणून परदेशातील योजना जशीच्या तशी उचलून आणली, तर ती दिल्लीतील इंग्रजी जाणणाऱ्या मोजक्या सदस्यांपुरतीच उरेल. आपला प्रश्न दोन माणसांची ओळख करून देण्याने सुटणारा नाही. तो मुळात भाषेचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो काही अंशी आमच्या विभागांचाही प्रश्न आहे.

पश्चिम घाटाचे उदाहरण घ्यावे. २०१० साली केंद्र सरकारने माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला; परंतु माहितीच्या अधिकाराचा वापर होऊन प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. समितीने संपूर्ण घाटाची संवेदनशीलतेनुसार तीन श्रेणींत विभागणी केली होती आणि अंतिम निर्णय ग्रामसभांशी विचारविनिमय करून व्हावा, असे सुचविले होते. घाट सहा राज्यांतून जातो: गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू. म्हणजे ज्या ग्रामसभांनी आणि ज्या आमदारांनी ह्या अहवालावर मत द्यायचे, त्यांच्या भाषा गुजराती, मराठी, कोंकणी, कन्नड, मलयाळम आणि तमिळ ह्या होत्या. अहवाल मात्र इंग्रजीत होता.

आता ‘संवेदनशील’ हा एकच शब्द पाहावा. इंग्रजीतील मूळ शब्दाचा येथील अर्थ, ज्याला लवकर इजा पोचते आणि पोचलेली इजा सहसा भरून येत नाही असा प्रदेश, एवढाच आहे. मराठीत हा शब्द दोन ठिकाणी रुळलेला आहे. कवीचे मन संवेदनशील असते, आणि निवडणुकीच्या वेळी जेथे जादा पोलीस ठेवावे लागतात ते मतदान केंद्र संवेदनशील असते. आपले गाव ‘संवेदनशील क्षेत्रा’त जाणार हे ऐकून गावकऱ्याच्या आणि त्याच्या आमदाराच्या मनात बंदी आणि बंदोबस्त उभे राहावेत, हे अगदी स्वाभाविक आहे. अहवालाला झालेल्या विरोधामागे खाणींचे, बांधकामांचे, शेतीचे हितसंबंध होतेच. सारा दोष एका शब्दावर टाकणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्यांना भीती पसरवायची होती, त्यांचे काम ह्या शब्दाने सोपे केले, असे मला वाटते. पारिभाषिक कोशाने शब्द पुरविला होता. तो शब्द ऐकणाऱ्याच्या कानात काय करील, ह्याचा विचार कोणी केला नव्हता.

ह्या दुर्लक्षाची किंमत केवळ वाङ्मयीन नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी, आणि माळीणच्या दुर्घटनेला बरोबर दहा वर्षे झाली त्याच तारखेला, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातील वायनाड. वायनाडनंतर दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने पश्चिम घाटाविषयीच्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध केला; २०१४ पासूनचा तो सहावा मसुदा होता. प्रत्येक दरडीचे कारण एकच असते असे नाही, आणि अहवाल स्वीकारला असता तर ही सर्व माणसे वाचली असती, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. परंतु कोणत्या उतारावरची माती किती पाणी धरते, कोठे डोंगर कापल्याने धोका वाढतो, हे मोजणारे कितीतरी हात विद्यापीठांतील तरुण संशोधकांचे आहेत. त्यांची मोजणी इंग्रजी प्रबंधात आणि नियतकालिकांत जाते. त्या डोंगराखालच्या मतदारसंघाचा आमदार ती वाचत नाही. ती वाचता येईल अशा रूपात त्याच्यापुढे कोणी ठेवीतही नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आमच्याकडे १९६० पासून भाषा संचालनालय आहे, १९६१ पासून केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग आहे, १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद आहे, शास्त्रीय परिभाषेचे अनेक कोश आहेत. मग आणखी काय हवे? माझे उत्तर असे की कोश शब्द देतो, आणि वैज्ञानिकाचे म्हणणे वाक्यात असते. त्याच्या वाक्यात सर्वांत महत्त्वाचा भाग त्याच्या खात्रीचे प्रमाण हा असतो, आणि भाषांतरात नेमका तोच गळतो. ‘अपाय होतो असा पुरावा मिळालेला नाही’ आणि ‘अपाय होत नाही असा पुरावा मिळाला आहे’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले वाक्य अज्ञान सांगते, दुसरे ज्ञान. सभागृहातील घाईच्या चर्चेत पहिल्याचे दुसरे व्हायला क्षणही लागत नाही. वास्तविक मराठीला अनिश्चितता सांगण्याची उत्तम सवय आहे. ‘पाऊस येईलसा दिसतो’, ‘पाऊस येण्याचा संभव आहे’, ‘पाऊस बहुधा येईल’, ‘येईलच असे नाही’ ह्या छटा आपला शेतकरी रोज वापरतो. शासकीय मराठीने ह्या साऱ्यांच्या जागी ‘संभाव्यता नाकारता येत नाही’ असे एकच वाक्य आणून बसविले आहे. त्यातून धोका थोडा आहे की फार, हे कोणालाच कळत नाही.

हे काम न्यायालयांवर सोपवूनही भागणार नाही. २०२० साली पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा निघाला तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांत उपलब्ध करावा, असा आदेश ३० जून रोजी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने दिला. भाषांतर ही लोकशाहीतील सहभागाची अट आहे हे तत्त्व त्यामुळे पुढे आले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आदेशाने मिळणारे भाषांतर मसुदा निघाल्यानंतरचे असते. खरी गरज त्याआधीची आहे, आणि ती दोन जिवंत माणसांनी एकमेकांशी बोलण्याची आहे.

म्हणून माझी सूचना अशी. सुरुवात दिल्लीत नव्हे, राज्यांच्या विधिमंडळांत व्हावी. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य आहेत. परिषदेत पदवीधरांचे आणि शिक्षकांचे प्रतिनिधी स्वतंत्रपणे निवडून येतात. प्रथम त्यांच्यापैकी दहा-वीस इच्छुक सदस्यांशी तेवढ्याच तरुण संशोधकांची, शक्यतो त्यांच्याच जिल्ह्यात काम करणाऱ्यांची, एका वर्षासाठी जोडी लावावी. सदस्याने आठवडाभर संशोधकाबरोबर डोंगरावर, शेतात किंवा प्रयोगशाळेत जावे. संशोधकाने एका अधिवेशनात सभागृहाचे आणि मतदारसंघातील कचेरीचे काम पाहावे. त्याने त्या सदस्याच्या भाषेत दोन पानांचे टिपण लिहावे आणि त्यात काय ठाऊक आहे, काय संभवते आणि काय ठाऊक नाही, हे तीन भाग स्पष्टपणे वेगळे ठेवावेत. हे टिपण लिहिताना विद्यापीठातील त्या भाषेच्या विभागाने त्याच्याजवळ बसावे. ह्या कामाची नोंद दोघांच्याही शैक्षणिक मूल्यमापनात व्हावी.

संशोधक राजकारणात ओढला जाईल, त्याच्या मार्गदर्शकाला किंवा संस्थेला ते रुचणार नाही, ही भीती खोटी नाही. तिला उपाय एकच: टिपण गुप्त असू नये. ते सर्व पक्षांच्या सदस्यांना आणि वृत्तपत्रांना एकाच दिवशी मिळावे, आणि संशोधकाचे मानधन सदस्याकडून येऊ नये. सदस्यांना विज्ञानात रस नसतो, हा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. पाणी, रस्ता, पीकविमा, दरड ह्यांविषयीच्या तक्रारी जो रोज ऐकतो, त्याला प्रश्न नसतात असे नाही. त्याचे प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकेच्या भाषेत नसतात इतकेच. कोणत्या वस्तीला स्थलांतर नको आहे आणि का नको आहे, हे त्याला ठाऊक असते, आणि ते कळल्यावाचून संशोधकाचा नकाशा अपुराच राहतो. शिकणे दोन्ही बाजूंनी होणार आहे.

उरतो आपला, भाषांच्या अभ्यासकांचा, संकोच. हे काम आपले आहे का? ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ निघाले तेव्हा त्याच्या पानावर दोन रकाने होते: एक इंग्रजी, एक मराठी. राज्यकर्त्यांनी एक वाचावा, लोकांनी दुसरा, आणि मजकूर एकच असावा, अशी ती योजना होती. तिचे संपादक बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या आसपासचे होते, आणि पुढे गणित व ज्योतिष ह्यांचे अध्यापक म्हणून त्यांचा लौकिक झाला. तरुण वैज्ञानिक, राज्यकर्ता आणि मराठी वाक्य ह्यांना एका पानावर आणण्याचे काम मराठी पत्रकारितेच्या पहिल्याच दिवशी सुरू झाले होते. आज राज्यकर्ता लोकांनी निवडलेला आहे आणि त्याची भाषा लोकांचीच आहे. म्हणजे मराठी रकाना आता त्याच्यासाठीही लिहायचा आहे. तो लिहिण्याची तयारी आपल्या विभागांनी दाखविली नाही, तर माळीणचा प्रबंध इंग्रजीतच राहील, आणि आपल्याकडे तिच्यावरची शोकगीते तेवढी उरतील.