हिशेब घरचा : सूट तोंडी नको, कागदावर हवी



आपली मुले आता बँकेत, रेल्वेत, पालिकेत नोकरीला आहेत. काही घरांत पहिली मोटार येऊ घातली आहे. आनंदच आहे, पण शोरूममध्ये ‘चाळीस हजार सूट’ ऐकून लगेच सही करू नका.

या सुटीचे तुकडे असतात : रोख सूट, जुन्या गाडीच्या बदल्यातला बोनस आणि नोकरदारांची कॉर्पोरेट सूट. जुनी गाडी नसेल तर बोनस गेलाच. नोकरदारांनी ओळखपत्र दाखवून आपली सूट मागावी. न विचारता ती अनेकदा मिळत नाही.

समजा, एक विक्रेता ४० हजार सोडतो. पण त्याचा विमा १२ हजारांनी महाग, अ‍ॅक्सेसरीज १५ हजारांच्या, ‘हँडलिंग’ ८ हजार. हाती राहिले ५ हजार! दुसरा २५ हजारच सोडतो, पण वर काही लादत नाही. दुसराच २० हजारांनी स्वस्त. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही, हे ध्यानात ठेवा.

म्हणून दोन-तीन ठिकाणांहून कर-विम्यासह ‘ऑन-रोड’ किंमत लेखी घ्या आणि तीच ताडून पाहा. छोट्या मोटारींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. ती कपात सरकारची, विक्रेत्याची मेहेरबानी नव्हे.

आपण मुहूर्त मानत नाही. मग दसऱ्याची घाई कशाला? वर्षअखेरीस साठा काढताना बरेचदा जास्त सूट मिळते. मात्र उत्पादनाचे वर्ष पाहा. पुढे विकताना तेच मोजले जाते.

१९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. आपल्या घामाच्या रुपयाचा हिशेब आपणच मांडायचा.