कळलावी कळ

कळफलकाच्या वरच्या ओळीत एक छोटी कळ असते. तिच्यावर एक त्रिकोण आणि शेजारी दोन उभ्या रेघा. दाबली की आवाज थांबतो, पुन्हा दाबली की सुरू होतो. आम्हां मोठ्या गटातल्या मुलांना ती सारखी लागते, कारण ऐकण्याचा गृहपाठ. बाईंनी वाचलेले वाक्य ऐकायचे, थांबवायचे, मग आपण म्हणायचे. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक असा थांबत थांबतच कानात बसतो. पण कळ दाबावी तर बाईंचे वाक्य पुढे पळते आणि दुसऱ्याच खिडकीतला क्रिकेटचा सामना सुरू होतो! मग आईबाबा म्हणतात, “अभ्यास सोडून हे काय लावलंस?”

पालकहो, आम्ही काही लावलेले नसते.

ही कळ दाबली की कळफलकाकडून संगणकाला फक्त एक आकडा जातो. विंडोजमध्ये तो १७९. त्याचा अर्थ ‘थांबव किंवा सुरू कर’ एवढाच. काय थांबवायचे, ते त्यात नसते. विंडोजच्या एका जुन्या पद्धतीत प्रोग्रॅम त्या कळीवर आपले नाव नोंदवतो, आणि एकाची नोंद झाली की दुसऱ्याची नाकारली जाते. सुट्टीत भारतात गेल्यावर एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसे.

मार्च २०१९ मध्ये क्रोमची ७३ वी आवृत्ती आली आणि तीही या कळी ऐकू लागली. तोवर गाण्यांच्या प्रोग्रॅमचे ऐकणारी कळ अनेकांकडे अचानक एखाद्या व्हिडिओचे ऐकू लागली. हे बंद करायची सोय होती, पण ती प्रायोगिक गोष्टींच्या पानात. तिथे आमच्यातला कुणी पोचेल, आजी-आजोबा कसे पोचणार? मॅकचे वेगळेच. काहीच वाजत नसताना कळ दाबली आणि न मागता म्युझिक उघडले, हा अनुभव पुष्कळांना आहे.

काही जण म्हणतात, शेवटी जे वाजले त्याचीच कळ असावी. ऐकायला बरे वाटते. पण मागे उघड्या राहिलेल्या पानावर एखादी जाहिरात आपोआप वाजली, की ‘शेवटची’ तीच ठरते! आम्हांला हे पटत नाही. त्यापेक्षा लिनक्समधली रीत बरी. तिथे वाजवणारे बहुतेक प्रोग्रॅम एमप्रिस नावाच्या ठरलेल्या पद्धतीने आपापले नाव सांगतात, आणि प्लेअरसीटीएल या छोट्या साधनाला ‘अमक्यालाच थांबव’ असे नाव घेऊन सांगता येते.

आमचे म्हणणे असे, की नव्या प्रोग्रॅमने ही कळ घेण्याआधी विचारावे. आणि ‘नको’ म्हणायची जागा नेहमीच्या सेटिंग्जमध्येच, डोळ्यांसमोर असावी. कळफलक विकत घेतला आपण, मग तिसऱ्याच कुणी ती कळ परस्पर का घ्यावी?

तोपर्यंत गृहपाठाच्या वेळी बाकीची पाने बंद ठेवावीत, किंवा पाठाची खिडकी पुढे आणून स्पेसची लांब पट्टी दाबावी. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ती समोरच्याच खिडकीपुरती चालते. आणि बाबा, सामना तेवढा फोनवर बघा!