बाई, तुम्ही फक्त चिठ्ठी लिहा!

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिकपलीकडे न गेलेला एक शाळामास्तर आणि चार कादंबऱ्यांचा लेखक, एवढीच माझी पात्रता. औषधोपचारावर लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कुणी विचारील. अवश्य विचारावे. माझा आजचा झगडा या 'अधिकारा'शीच आहे.

आमच्या गावच्या उपकेंद्रात पुष्कळ वर्षे एकच नर्सबाई होत्या. माझ्या वर्गातली निम्मी पोरे त्यांच्या हातांवर जन्मली. एका पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या दहा महिन्यांच्या भावाला खोकला आणि ताप आला. मी सोबत गेलो होतो. बाईंनी पोर आईच्या मांडीवर शांत होऊ दिले, झबले वर सारले, घड्याळ समोर धरले आणि पुरते एक मिनिट श्वास मोजले. ५८ भरले. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचे श्वास मिनिटाला ५० वा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले, तर न्यूमोनिया धरावा, असा नियम आहे. पोर दूध पीत होते, झटके नव्हते, गुंगी नव्हती, छाती आत ओढली जात नव्हती. म्हणजे घरी उपचार चालतील. बाईंनी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस आपल्यासमोर पाजवला, "दूध सोडलं तर मध्यरात्रीही दार वाजवा," असे आईला बजावले, आणि तिसऱ्या दिवशी घरी जाऊन पुन्हा श्वास मोजले. पोर बरे झाले. वाचकहो, याला निदान व उपचार म्हणायचे नाही, तर म्हणायचे काय?

पुढे तपासणीला एक साहेब आले. त्यांनी रजिस्टर चाळले आणि गावकऱ्यांदेखत बाईंना झापले, "निदान करणाऱ्या तुम्ही कोण? बाई, तुम्ही फक्त चिठ्ठी लिहा!" सरकारच्याच प्रशिक्षणात शिकवलेले बाईंनी केले होते. पण निवृत्तीला दोन वर्षे उरलेली बाई साहेबांशी वाद घालते थोडीच!

पुढच्या पावसाळ्यात त्याच आळीतले दुसरे पोर आले. बाईंनी श्वास मोजले. हाताची सवय जात नाही. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. प्राथमिक आरोग्य केंद्र १९ किलोमीटरांवर, एस.टी. निघून गेलेली, बापाची मजुरी बुडणारी. बाप पोराला घेऊन बाजाराच्या गावी सलाईन लावणाऱ्या एका इसमाकडे गेला. त्या इसमाला ना पदवी, ना शिक्षण. आणि म्हणूनच त्याचे रजिस्टर तपासायला कुणी साहेब जात नाही. त्याने सुई टोचली, पैसे घेतले. चौथ्या दिवशी आम्ही त्या पोराला पुरून आलो. शिकलेल्या बाईचा हात धरायचा आणि अडाणी सुई मोकळी सोडायची, हा आमचा न्याय!

यावर विद्वान म्हणतात, खेडुतालाच दुय्यम वैद्यक का? त्यालाही पुरा डॉक्टरच हवा. वाक्य गोंडस आहे. १९४६ साली भोर समितीने याच उदात्त हेतूने एकाच प्रतीचा पदवीधर डॉक्टर घडवावा असे सुचवले, आणि एल.सी.पी.एस.सारखे परवानाधारक डॉक्टर पुढे घडेनासे झाले. पुरा डॉक्टर घडला. पण बहुतेक शहरात राहिला. त्याला मी दोष देत नाही. माझा मुलगा डॉक्टर झाला तर तोही तेच करील. परंतु खेड्याच्या वाट्याला मग दुय्यमही आला नाही, सलाईनवाला आला.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून परिचारिकांना मुले तपासायला शिकवण्याचा अभ्यासक्रम काढला. कॅनडातल्या बर्लिंग्टन गावी काही कुटुंबे डॉक्टरांकडे, तर काही अशा शिकलेल्या परिचारिकांकडे सोपवली. कुणी कुठे जायचे हे दैवगतीवर ठरवले. १९७४ साली निकाल छापून आला. दोन्हींकडच्या माणसांच्या प्रकृतीत वा मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. परदेश नको? मग आपले गडचिरोली घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावचे आरोग्यसेवक आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले; १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बालमृत्यू घटलेले दिसले. अक्षरशत्रू सुइणींसाठी त्यांनी मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन बनवले. मणी सरकवून सुईण जे करू शकते, ते शिकलेल्या नर्सने का करू नये?

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या ३२ व्या कलमात मर्यादित परवान्याची तरतूद आली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने ३१ जुलैला देशभर चोवीस तासांचा संप पुकारला. भोंदूंचे फावेल, अशी हाकाटी झाली. तीत एक गोष्ट खरी होती. परवाना कुणाला, हे सांगताना कायद्याने 'आधुनिक वैद्यकाशी संबंधित व्यक्ती' अशा अर्थाचे मोघम शब्द वापरले होते. पण मोघम शब्दांवर उपाय नेमके शब्द हा आहे, संप हा नव्हे. 'परिचारिका' हा नेमका शब्द आहे.

सरकारलाही मी सोडणार नाही. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमू लागले. आमच्याकडेही नर्सिंगची पदवी घेतलेली एक मुलगी आली आहे. नाव अधिकारी, नेमणूक कंत्राटी, आणि या कामाचे खास शिक्षण सहा महिन्यांचे! स्वस्तातला डॉक्टर म्हणून तिला राबवाल, तर दुय्यमपणाचा आरोप खरा ठरेल. तिला पुरते शिक्षण द्या, कायमची नोकरी द्या, कपाटात औषध ठेवा, अडल्या वेळी फोन उचलणारा डॉक्टर द्या, आणि तिने काय पाहावे व कुठे थांबावे हे कायद्यात स्वच्छ लिहा. आपल्याला काय कळत नाही, हे ओळखणे हेही निदानच आहे. तिनेही चिठ्ठी लिहावी. पण तपासून, स्वतःच्या बुद्धीने लिहावी, साहेबाच्या भीतीने नव्हे.

जुन्या बाई आता निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात मी भाषण केले, शाल दिली. परंतु साहेब त्यांना झापत होते, तेव्हा गावकऱ्यांत मीही उभा होतो. पदवीधर साहेबापुढे मॅट्रिक मास्तराने बोलण्याचा अधिकार काय, म्हणून गप्प बसलो. त्या दिवशी बोलायचे ते आज लिहीत आहे.