स्वादुपिंडाला जुनाट सूज म्हणजे दारूच का? समजून घ्या

कळंबा : पोटाच्या वरच्या भागात कळ येते, पाठीत जाते, जेवल्यावर वाढते. आपल्याकडे पहिला अंदाज ‘पित्त झालं असेल’ आणि पहिला उपाय मेडिकलमधली गोळी. पुढे सीटी स्कॅनमध्ये ‘क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस’ निघाला की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला : ‘पितो काय?’

प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. देशभरातील १,०८६ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दारू हे कारण सुमारे ३९ टक्के रुग्णांत होते. जवळपास ६० टक्के रुग्णांत ठोस कारण सापडलेच नाही. जनुकीय दोष, रक्तातील वाढलेले कॅल्शिअम हीही कारणे असतात. म्हणजे कधी थेंबही न घेतलेल्या गृहिणीला किंवा शाळकरी मुलालाही हा आजार होऊ शकतो. शिक्का बसेल म्हणून दुखणे लपवले, तर नुकसान रुग्णाचेच.

मग टाळता काय येते?

दारू आणि धूम्रपान. दारू सोडली, पण सिगारेट-बिडी चालूच, असे अनेकांचे होते. धूम्रपान हे या आजाराचे स्वतंत्र कारण आहे आणि त्याने आजार वेगाने वाढतो.

तेल-तूप बंद करायचे का?

सर्वाधिक गोंधळ इथेच. स्वादुपिंड पाचकरस आणि इन्सुलिन तयार करते. जुनाट सुजेत ते हळूहळू कडक होते, नलिकेत खडे होतात. झालेली हानी भरून येत नाही. पाचकरस कमी पडला की शौच तेलकट होते, वजन उतरते. अशा वेळी स्निग्ध पदार्थ पूर्ण तोडले तर माणूस आणखी खंगतो. सध्याचा वैद्यकीय सल्ला वेगळा आहे : थोडे थोडे, अनेकदा खा आणि पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल घ्या. त्या उपाशीपोटी नव्हे, जेवणासोबतच. नाहीतर पैसे वाया. मात्रा डॉक्टर ठरवतात. (रोज तांबडा-पांढरा ओरपा, असा याचा अर्थ नाही.)

खर्चाची अडचण खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना. रोजची कॅप्सूल बहुतेकांना खिशातूनच घ्यावी लागते. कळंब्यातील रुग्णांना शहरातले सीपीआर रुग्णालय जवळ आहे. तिथे योजनेच्या कक्षात आधी चौकशी करावी.

साखर आणि हाडांची तपासणी ठरलेल्या वेळी करा. असह्य कळ, सतत उलट्या, ताप किंवा कावीळ दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.